गोळीचं नाव विचारणारा देवऋषी

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी औषधाच्या खिडकीत बसायचे. फार्मसीचा डिप्लोमा झालेला, वय सव्वीस. लासुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमच्या केंद्राला एक जीप होती, ती बंद होती. एक फोन होता, त्यावर फक्त बाहेरून आलेले फोन घेता यायचे.

एके दिवशी टपालातून पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजचा जाड लिफाफा आला. आत पिवळ्या कागदाचे सायक्लोस्टाईल केलेले फॉर्म. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की औषध बाजारात आलं म्हणजे त्याची परीक्षा संपली असं नव्हे. आधी ते मोजक्या माणसांवर तपासलेलं असतं. खरे त्रास पुढं दिसतात, सगळीकडची माणसं ते घ्यायला लागल्यावर. तेव्हा औषधानं कुणाला विपरीत त्रास झाला तर या फॉर्मवर कळवावं. डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"औषध तुम्ही देता, मॅडम. त्रासही तुम्हीच लिहा."

डॉक्टर विदर्भातले, शांत, कशानंही न चिडणारे. मी मात्र नवीन होते, म्हणून मनावर घेतलं. खिडकीतून गोळ्या देताना प्रत्येकाला विचारायला लागले, "मागच्या गोळ्यांनी काही त्रास झाला का?" एका म्हाताऱ्यानं हे ऐकून हातातल्या गोळ्या मुकाट्यानं परत खिडकीत ठेवल्या आणि निघून गेला. दुसऱ्यानं सांगितलं की आमची तापाची गोळी घेतल्यापासून त्याच्या विहिरीचं पाणी खाली गेलंय. गोळी कधी घेतली, विचारलं, तर म्हणाला चैत्रात. मी त्याचा फॉर्म भरला नाही. तीन महिने पिवळे कागद तसेच पडून होते.

मग पैलवान आला. आला म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणला. पंचविशीचा गडी, गावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा. मान डावीकडे इतकी वळलेली की आपल्याच खांद्यामागं काहीतरी हरवलंय आणि तो ते शोधतोय, असं वाटावं. डोळे वर छताला लागलेले, जीभ बाहेर. बोलायचा प्रयत्न करत होता, पण निघणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. मागून अर्धं गाव चालत आलेलं. ट्रॉलीत त्याच्या उशाशी बसले होते गावचे देवऋषी. सत्तरीचे, किडकिडीत, पांढरं धोतर, हातात लिंबू. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांचं निदान आधीच झालं होतं.

"कॅनालच्या चिंचंखाली थांबला हुता. तितंच धरलंय."

मी पैलवानाकडे पाहिलं आणि त्याला ओळखलं. आदल्या दिवशी तो माझ्याच खिडकीत आला होता. मोरगावच्या बाजूला कुस्तीला गेला होता, येताना काहीतरी खाल्लं, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी उलटी थांबवायची गोळी लिहिली आणि मी माझ्या हातानं दिली. मी चुकीची पुडी दिली का? दुसऱ्याच्या गोळ्या याला गेल्या का? जमावात त्याची आई होती, तिच्याकडे मी ते पाकीट मागितलं. कनवटीची पुडी सोडून तिनं दिलं. गोळी बरोबर होती.

"किती दिल्या?"

"एक सांगितली हुती. पर येवढ्या देहाला एक कशी पुरंल? तीन दिल्या. मग आजून तीन."

तेव्हा मला पुस्तकातली ओळ आठवली. उलटीच्या या गोळीनं एखाद्याच्या, विशेषतः तरुण माणसाच्या, मानेचे आणि डोळ्यांचे स्नायू असे आखडतात. जास्त घेतली तर अधिकच. मी डॉक्टरांना सांगायला वळले, तर ते हात पुसत बाहेर आलेच होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ॲलर्जीचं इंजेक्शन काढा." त्यानं असे आखडलेले स्नायूही सुटतात. मी काढलं, त्यांनी शिरेतून दिलं. पैलवानाची आई माझा हात धरून उभी होती. तिला धीर यावा म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "दहा मिनिटांत मान सरळ होईल, बघा."

एवढंच म्हणाले. पण पन्नास माणसांसमोर म्हणाले, आणि दहा मिनिटांत मान सरळ झाली. पैलवानानं जीभ आत घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. डॉक्टरांनी सुई टोचली हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते मदतनीस ठरले. भूत काढलं ते औषधवाल्या बाईंनी.

दुसऱ्या दिवशी पैलवानाची आई आली आणि खिडकीच्या आत येऊन, गोळ्यांच्या डब्यांमध्ये मला उभी करून, माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तसल्या घरांतून माझ्या आजीनं आयुष्यभर अंगणाच्या बाहेरूनच धान्य घेतलेलं. मला काय करावं कळेना. डॉक्टर म्हणाले, "घ्या. नाही म्हणालात तर भूत परत आलं म्हणतील."

नारळ घरी नेला आणि तिथं खरी पंचाईत झाली. माझे वडील, अप्पा, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि पुस्तकं. अंगारा, धागा, नवस, असलं काही चुकूनही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. तोपर्यंत एसटीच्या कंडक्टरकडून बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"छप्पन साली तुझ्या आज्यानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नीरेत सोडले," अप्पा म्हणाले. "टोपली माझ्या डोक्यावर हुती. वीस वर्षांचा हुतो मी. कशासाठी? लेकीनं भुतं काढावीत म्हणून?"

"अप्पा, भूत नव्हतंच. गोळी होती."

"मग नारळ कशाचा?"

आईनं नारळ उचलला, फोडला आणि चटणी केली. अप्पांनी त्या दिवशी भाकरी दुधाबरोबर खाल्ली. आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी पैलवानाचा फॉर्म भरला. नाव लिहायचं नव्हतं, फक्त वय, वजन, औषध, काय झालं, कशानं थांबलं. एक रकाना होता, 'अन्य संभाव्य कारण'. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'गावकऱ्यांच्या मते चिंचेवरील भूतबाधा'. डॉक्टरांनी न वाचता सही केली. महिन्यानं पुण्याहून टाईप केलेलं उत्तर आलं. 'अन्य संभाव्य कारण वगळण्यासाठी कोणत्या तपासण्या केल्या, ते कळवावे.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, भूत वगळायची तपासणी कोणती?"

"आपल्याकडे उपलब्ध नाही, असं लिहू?"

"लिहा. अगदी बरोबर आहे."

त्यावरही उत्तर आलं. 'सदर तपासणी उपलब्ध नसल्यास नजीकच्या केंद्राकडे पाठवावे.'

नजीकचं केंद्र म्हणजे आबा. मी त्यांच्याकडे जायचा विचारही केला नव्हता. तेच एका दुपारी, खिडकीवर गर्दी नसताना, आले. चप्पल बाहेर काढली, जणू देवळात येताहेत. मी स्टूल दिलं.

"त्या दिशी सुईत काय हुतं?"

मी रिकामी कुपी दाखवली. गोळीही दाखवली, आणि गोळीनं मान कशी वळते ते सांगितलं. त्यांनी गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

"सुई दिली न्हाय तर काय हुतं?"

"बहुतेकदा एखाद्या दिवसात आपोआप उतरतं. गोळी पुन्हा घेतली नाही तर."

आबा म्हणाले, "माझ्याकडं अशी मान वाकडी झालेली पाचसात आली आजवर. पोरीबाळी. मी छडीनं मारलं त्यांना. दुसऱ्या दिशी बरी व्हायची. मला वाटायचं, मी केली."

त्यांनी गोळी हळूच परत डबीत ठेवली.

पुढच्या अमावास्येला आबांच्या दारात रांग होती, नेहमीसारखी. पण आता ते लिंबू हातात घेण्याआधी विचारत होते, "कुठली गोळी खाल्ली हुती? कागद हाय का?" लोक घाबरून कागद आणायला घरी पळत. दोन दिवसांनी आबा माझ्याकडे आले, धोतराच्या सोग्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन. कुणाला लोहाच्या गोळीनं काळी शी होत होती आणि त्याला वाटत होतं काळीज जळून पडतंय. त्याला मी समजावलं, फॉर्म भरला नाही. पण एका मुलीला खोकल्याच्या औषधानं भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, आणि तिथं मुंग्या नव्हत्या. तिचा भरला. तीन महिन्यांत मला जे मिळालं नव्हतं ते आबांना एका अमावास्येत मिळालं. साधी गोष्ट होती. विचित्र काही झालं की लोक डॉक्टरकडे येतच नसत, आबांकडे जात.

फॉर्ममधला एक रकाना आबांना फार आवडला. 'औषध पुन्हा दिल्यावर लक्षण पुन्हा दिसले का?' मी वाचून दाखवला तर म्हणाले, "आमीबी तेच करतो की. भूत गेलं का न्हाय कळायला झाडाला परत त्याच चिंचंखाली न्यायचं." झाड म्हणजे भूत लागलेला माणूस. मी म्हटलं, आबा, तसं मुद्दाम करायचं नाही, जिवावर बेतेल. ते म्हणाले, "आमच्यातबी बेततं."

अडचण एकच, आबांना लिहिता येत नव्हतं आणि कुणाला काय झालं ते माझ्यापर्यंत पोचेतो एकमेकांत मिसळायचं. हे मी घरी जेवताना बोलले, अप्पा ऐकत होते हे माहीत असून. आबांकडे दर मंगळवारीही रांग लागायची. पुढच्याच मंगळवारी अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि माझ्याबरोबर एसटीत बसले. कुठं निघालात, विचारलं, तर म्हणाले, "त्या माणसाशी बोलायचं हाय." चाळीस वर्षांचा सगळा वाद त्यांनी वाटेत मनात लावून ठेवला असणार. कारण बारामतीच्या फाट्यापर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

आबांच्या ओट्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "भूत नसतं."

आबा म्हणाले, "बसा की. च्या घ्या. माझंबी तेच म्हणणं हाय अलीकडं. पर लोक येत्यात, त्यांना कुठं घालवू?"

अप्पांना याची तयारी नव्हती. समोरचा भांडेल असं धरूनच ते आले होते. चहा झाला. रांगेतली एक बाई आपल्या सासऱ्याचं सांगायला लागली, आणि आबा तिला मधेमधे विचारत होते, आणि उत्तरं हवेत विरत होती. अप्पांना राहवेना. त्यांनी खिशातलं पेन काढलं. कारखान्यात मशीन बिघडलं की फिटरनं नोंद करायची असते, कधी, कुठं, कसला आवाज. तशी त्यांनी सासऱ्याची नोंद केली.

त्यानंतर दर मंगळवारी अप्पा आबांच्या ओट्यावर. अट एक, 'भूत' हा शब्द कागदावर येणार नाही. आबांनी मान्य केलं. लोक म्हणायचे, हडळ बसलीय छातीवर. अप्पा लिहायचे, 'धाप लागते'. लासुर्ण्यात चर्चा झाली. धम्म शिकवणारा माणूस देवऋष्याचा कारकून झाला. बुद्धविहारातल्या दोघांनी विचारलंही. अप्पांनी सांगितलं, "तितं माझ्यायेवढा नास्तिक आन् दुसरा कोण हाय? आबा हाय."

याच नोंदींमधून ओठांची गोष्ट निघाली. सांगवीच्या आणि आसपासच्या काही बायका आबांकडे वेगवेगळ्या वेळी आल्या होत्या, खालच्या ओठावर काळा डाग घेऊन. डाग फिका व्हायचा आणि पुन्हा त्याच जागी उठायचा, जळजळ करत. बायकांना वाटायचं खूण आहे. आबा म्हणाले, "येका भुताला सगळ्या बायकांचा ओठच कसा गावतो?" अप्पांनी कागद लावून पाहिले. सगळ्यांनी अंगदुखीची एकच गोळी घेतली होती. ऊसतोडीच्या नाहीतर भाजीच्या खुडणीच्या दिवसांत, किराणा दुकानातून, चहापत्तीबरोबर सुटी.

मी ते सगळे फॉर्म एकत्र पाठवले. 'माहिती देणाऱ्याचा हुद्दा' या रकान्यात 'देवऋषी व निवृत्त फिटर' लिहिलं. या वेळी पत्र आलं नाही, गाडी आली. त्यातून औषधशास्त्राच्या प्राध्यापक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी आल्याआल्या विचारलं, "तपासणी उपलब्ध नाही, असं लिहिणारं कोण?" मी हात वर केला. त्या म्हणाल्या, "'नजीकच्या केंद्राकडे पाठवावे' हे आमच्या क्लार्कनं परस्पर कळवलं होतं. तुमचं आणि त्याचं, दोन्ही पत्रं मी विभागात लावून ठेवलीयत." मग आबांच्या ओट्यावर सतरंजीवर बसून त्यांनी एकेक बाई तपासली, भिंगानं ओठ पाहिले, अप्पांचे कागद चाळले आणि म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थ्यांना असं लिहिता येत नाही." अप्पा दिवसभर टोपी नीट करत राहिले.

गोळी बनावट नव्हती. काहींच्या अंगाला ती मानवत नव्हती, इतकंच, आणि दुकानदार कुणालाही देत होता. त्याला सरकारी माणसानं येऊन समज दिली. प्राध्यापक बाईंनी प्रत्येकीला एक छोटं कार्ड दिलं, मराठीत, 'मला अमुक औषध देऊ नये'. कुठल्याही डॉक्टरला आधी हे दाखवायचं, म्हणून सांगितलं.

महिन्याभरानं पाहते तर बायकांनी कार्डांच्या घड्या घालून, काळ्या कापडात शिवून, ती गळ्यात बांधलेली. अप्पांचं तोंड उतरलं. इतकं सगळं करून शेवटी ताईतच झाला. प्राध्यापक बाईंना कळवलं, तर त्यांनी लिहिलं, 'राहू द्या. हरवणार नाही. फक्त उसवून दाखवायला सांगा.' आबांनी मग प्रत्येकीला बजावलं की हा ताईत डॉक्टरापुढं उसवला तरच लागू पडतो.

त्या वर्षाच्या शेवटी आबांना खोकला लागला. कोरडा, घशात गुदगुल्या झाल्यासारखा, दिवसभर. मंत्र म्हणायला तोंड उघडलं की खोकला. दोन मंगळवार रांगेतली माणसं उठून गेली. ज्याला स्वतःचंच काढता येत नाही, तो आपलं काय काढणार? आबांना दोन महिन्यांपूर्वी रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली होती. अप्पांनी लगेच कागद काढला.

"कुठली गोळी खाल्ली हुती?"

"ही गोळी चांगली हाय. ही करणी हाय. इंदापूरच्या अंगाला येक जण हाय, त्याला माझं बघवंना."

"आबा, आपलं ठरलंय. त्यो शब्द कागदावर येणार न्हाय."

"लिहू नगा. पर हाय."

दोघांचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या सगळ्यांना गोळीचं नाव विचारणारा माणूस स्वतःच्या वेळी मात्र ऐकेना. मी डॉक्टरांना सांगितलं. त्या गोळीनं काहींना असाच कोरडा खोकला लागतो. ते स्वतः चालत आबांच्या घरी गेले आणि गोळी बदलून आले. आबांनी नवी गोळी घेतली, पण खोकला करणीचाच, हे सोडलं नाही. अप्पा रागावून तीन मंगळवार गेले नाहीत. सकाळी सदरा घालायचे, पेपर वाचायचे आणि सदरा काढून ठेवायचे.

चौथ्या सोमवारी आबा खिडकीशी आले. खोकला गेला होता. त्यांनी तोंड उघडून, लांब श्वास घेऊन, मला एक अख्खा मंत्र म्हणून दाखवला. मग म्हणाले, "फारम भरून टाक. पर त्या इंदापूरवाल्याचाबी थोडा हात हाय, ते तुज्या बापाला सांगू नगंस."

मी अप्पांना खोकला गेला एवढंच सांगितलं. ते आईला म्हणाले, "उद्या दोन भाकरी जास्तीच्या टाक. आबांना बाजरीची आवडती."

सकाळी ते माझ्याआधी स्टँडवर जाऊन उभे होते.